युद्धपट एकच, पण प्रत्येकाने पाहिलेलं युद्ध वेगळं

जानेवारी २००२ मध्ये ‘ब्लॅक हॉक डाउन’ची चोरटी प्रत सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत पोहोचली आणि गर्दीसमोर तिचा खेळ झाला. चित्रपट त्याच शहराबद्दल होता. ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ ला तिथे झालेल्या चकमकीत अमेरिकेचे १८ सैनिक मारले गेले, आणि सोमाली मृतांचा आकडा तर शेकड्यांत होता. पडद्यावर अमेरिकन हेलिकॉप्टर कोसळलं तेव्हा मोगादिशूतल्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. त्याच महिन्यात अमेरिकेतही हा चित्रपट चालू होता. तिथे हेच दृश्य शोकाचं होतं.

एकच चित्रपट, तेच आवाज, तीच दृश्यं. मग प्रतिसाद इतके उलटे कसे? ‘ज्याची त्याची आवड’ एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आवडीचा फरक प्रेमकथांतही असतो. पण तिथे नायिका मेल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. युद्धपट जितका खरा वाटतो तितके त्याचे प्रेक्षक एकमेकांपासून दूर जाताना दिसतात. एकाला अभिमान वाटतो, दुसऱ्याला मळमळतं, तिसरा म्हणतो की यात गोष्टच नाही, आणि चौथा, जो स्वतः लढून आलेला असतो, तो मध्येच उठून बाहेर जातो. हे असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

खरं वाटतं म्हणजे काय होतं?

आधी कारागिरी पाहू. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं टिपली जातात. साधारणपणे प्रत्येक चित्र सेकंदाचा ४८ वा भाग एवढा वेळ प्रकाश घेतं. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू थोडी पुसट उमटते आणि त्यामुळेच हालचाल आपल्याला सलग, मऊ वाटते. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या, फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईसाठी छायाचित्रकार यानुष कामिन्स्की यांनी शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारी फट, अरुंद केलं. प्रत्येक चित्राला सेकंदाच्या ९६ व्या किंवा १९२ व्या भागाएवढाच प्रकाश मिळाला. पुसटपणा गेला. उडालेल्या वाळूचा कण न् कण धारदार दिसू लागला आणि धावणारी माणसं झटके खात धावू लागली. भिंगांवरचा आधुनिक लेपही काढून टाकला होता, म्हणून रंग विटले. कॅमेरा हातात धरलेला. जवळ स्फोट झाला की आवाज बुडाल्यासारखे होतात, कारण आपण आता त्या बधिर झालेल्या सैनिकाच्या कानाने ऐकतोय.

हे सगळं विलक्षण परिणामकारक आहे. पण यातलं बरंचसं माणसाच्या डोळ्याला रणांगणावर दिसेल तसं नाही. डोळ्याला शटर नसतं, आणि पळताना जग हातातल्या कॅमेऱ्यासारखं थरथरत नाही, कारण मेंदू ते सावरून घेतो. ही दृश्यं खरी वाटतात, कारण ती दुसऱ्या महायुद्धात टिपलेल्या फोटोंसारखी आणि वृत्तपटांसारखी दिसतात. म्हणजे आपण पडद्यावरच्या युद्धाची तुलना युद्धाशी करतच नाही. ती करतो आधी पाहिलेल्या, खऱ्या मानलेल्या चित्रांशी.

ही सवय जुनी आहे. १९१६ साली, पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली सोमची लढाई चालू असतानाच, ब्रिटनमध्ये त्या लढाईवरचा माहितीपट दाखवला गेला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे २ कोटी तिकिटं विकली गेली. सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यातले काही तिथेच घसरून पडतात, हे त्यातलं सर्वांत लक्षात राहिलेलं दृश्य. तेच मुद्दाम घडवून चित्रित केलेलं होतं. त्याच चित्रपटात खरे जखमी होते, खरे मृतदेह होते. तरी युद्धाचं चित्र म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुढे वापरली गेली ती रचलेलीच काही सेकंदं.

आवाजाचं तर विचारूच नका. रायफलीचा आवाज ती चालवणाऱ्याच्या कानाशी १५० डेसिबलच्या वर जातो. चित्रपटगृहातला मुख्य कर्णा कमाल १०५ डेसिबलपर्यंत जाईल अशा बेताने लावलेला असतो. डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नसते, त्यामुळे ४५ चा हा फरक म्हणजे ऊर्जेत तीस हजार पटींहून जास्त. शिवाय किलोमीटरभर दूर झालेला स्फोट आधी दिसतो आणि ऐकू येतो सुमारे तीन सेकंदांनी. पडद्यावर मात्र दोन्ही एकदमच. तिथला नारिंगी आगीचा लोळ बहुतेकदा पेट्रोलचा असतो. लष्करी स्फोटकाचा स्फोट मुख्यतः धूळ, धूर आणि धक्का.

यात फसवणूक आहे असं मला म्हणायचं नाही. दिग्दर्शकाला निवड करावीच लागते. पण ‘अगदी खरं युद्ध दाखवलंय’ हे वाक्य ऐकलं की त्यात काय नाही तेही आठवावं. वास नाही, तहान नाही, पाठीवरचं ओझं नाही. सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे वेळ नाही. युद्धाचा फार मोठा भाग वाट पाहण्यात जातो आणि चित्रपट पहिली कात्री तिथेच लावतो. २०२५ चा ‘वॉरफेअर’ याला अपवाद ठरावा म्हणून बनवला गेला. अमेरिकन नौदलाच्या ‘नेव्ही सील’ या विशेष पथकातले माजी सैनिक रे मेंडोझा आणि दिग्दर्शक ॲलेक्स गार्लंड यांनी नोव्हेंबर २००६ मधली इराकच्या रमादी शहरातली एक घटना, तिथे हजर असलेल्यांच्या आठवणींवरून उभी केली. लांबी साधारण दीड तास, घटना जवळजवळ घड्याळाच्या वेगाने घडते, पार्श्वसंगीत नाही. सुरुवातीचा बराच वेळ सैनिक एका घरात बसून रस्ता न्याहाळतात. काही प्रेक्षकांना हाच भाग सर्वांत तणावाचा वाटला, काहींना रटाळ. दोघांचंही बरोबर आहे. पुढे काय होणार याचा अंदाज ज्याला येतो त्याच्यासाठी ती शांतता भरलेली असते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती रिकामी असते.

अंग आधी, अर्थ नंतर

अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, खांदे वर येतात, पोट आवळतं. हे विचाराच्या आधी घडतं. आपण खुर्चीत सुरक्षित आहोत हे पक्कं माहीत असूनही घडतं. नंतर हृदयाची गती वाढते, तळहात घामेजतात. वास्तववादी युद्धपट या यंत्रणेवर जोर देतो: आवाज कुठून आला कळू द्यायचं नाही, गोळी कुणाला लागेल याची चाहूल द्यायची नाही, संगीताने आधी सूचना द्यायची नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शरीराची ही उत्तेजना हळूहळू ओसरते. मन मात्र भराभर पुढच्या प्रसंगावर जातं. मग उरलेल्या धडधडीला मन जो प्रसंग समोर असेल त्याचंच नाव देतं. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं: एका कारणाने चढलेली उत्तेजना दुसऱ्या भावनेत मिसळून तिला मोठं करते. युद्धपटाला हे लावून बघा. वीस मिनिटं गोळीबाराने जीव नकोसा झाला आहे, आणि लगेच सुटकेची हेलिकॉप्टरं येतात, संगीत चढतं, झेंडा फडकतो. आधीची भीती अभिमानात ओतली जाते आणि तो अभिमान एरवीपेक्षा कितीतरी मोठा जाणवतो. आता तीच वीस मिनिटं, पण शेवटी फक्त ओरडणारा जखमी आणि रिकामा रस्ता. तीच धडधड आता मळमळ होते, राग होते किंवा सुन्नपणा होते. माझ्या मते युद्धपटाचा प्रेक्षक घरी काय घेऊन जातो हे लढाईच्या दृश्यापेक्षा त्यानंतरच्या दहा मिनिटांत जास्त ठरतं.

बरं, शरीराचा प्रतिसाद तरी सगळ्यांचा सारखा असतो का? तोही पूर्णपणे नाही. १९६० च्या दशकात रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विधीतल्या वेदनादायक शस्त्रक्रियेची फिल्म लोकांना दाखवली. फिल्म तीच, सोबतचं निवेदन निरनिराळं. एका निवेदनात वेदना आणि धोका ठसवला होता. दुसऱ्यात हे फारसं दुखत नाही असं सांगितलं होतं. तिसरं अभ्यासकाच्या अलिप्त सुरात होतं. त्वचेवरच्या घामाची विद्युत-मोजणी केली तेव्हा निवेदनाप्रमाणे ताण बदललेला दिसला. डोळ्यांसमोर जे घडतंय त्याचा अर्थ काय लावायचा हे आधी कानावर पडलेल्या चार वाक्यांनी ठरवलं, आणि तो अर्थ घामापर्यंत पोहोचला.

आता कल्पना करा की ही चार वाक्यं प्रयोगशाळेत नव्हे, आयुष्यभर ऐकलेली आहेत. घरात, शाळेत, बातम्यांत. ‘ते आपल्याला वाचवायला गेले होते’ किंवा ‘ते आपल्या गावात घुसले होते’. प्रत्येक प्रेक्षक आपलं निवेदन सोबत घेऊनच चित्रपटगृहात शिरतो.

इथे आणखी एक जुना अभ्यास सांगायलाच हवा. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलचा फार धसमुसळा सामना झाला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या निम्म्याहून कमी डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले. कुणी खोटं बोलत नव्हतं. साध्या खेळात हे होत असेल, तर ज्या रस्त्यावर आपला भाऊ मेला त्या रस्त्याच्या चित्रणात काय होईल?

कॅमेरा कुणाच्या बाजूला बसलाय?

युद्धपटावरचे बहुतेक वाद इथे अडकतात. गोळी सुटली की आपण कुणासोबत खाली वाकतो? कुणाला नाव आहे, घरून आलेलं पत्र आहे, मरताना चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा आहे? आणि कोण फक्त छपरावर धावणारी सावली आहे?

‘ब्लॅक हॉक डाउन’वर हीच टीका झाली. अमेरिकन सैनिकांच्या सोबत आपण शेवटपर्यंत राहतो. सोमाली माणसं बहुतांशी गर्दी म्हणून दिसतात. या चित्रपटासाठी अमेरिकन लष्कराने हेलिकॉप्टरं आणि सैनिकही पुरवले होते. अशी मदत मागणाऱ्या निर्मात्याला पटकथा लष्कराच्या नजरेखालून घालावी लागते. ही मदत नसती तर पडद्यावरची यंत्रं इतकी खरी दिसली नसती. म्हणजे ज्यामुळे चित्रपट खरा वाटतो, त्याच व्यवहारात त्याची बाजूही काही प्रमाणात ठरून जाते. हे प्रेक्षकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

‘वॉरफेअर’चा पेच वेगळा आहे. हे सैनिक तिथे का आले, युद्ध कशासाठी, यावर चित्रपट काहीच बोलत नाही. एका बाजूचे प्रेक्षक म्हणाले, हेच प्रामाणिक आहे, त्या खोलीत अडकलेल्या माणसाला राजकारण सुचत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, इराक युद्धाबद्दल कारण न सांगणं हीसुद्धा एक भूमिकाच. मी दुसऱ्यांच्या जास्त जवळ आहे, पण पूर्ण नाही. कारण त्या चित्रपटात एक इराकी कुटुंब आहे. सैनिक त्यांच्या घरात घुसून त्यांना एका खोलीत कोंडतात. इराकी साथीदारांना बाहेर आधी पाठवलं जातं. शेवटी सैनिक निघून जातात आणि उद्ध्वस्त घर मागे राहतं. ज्याला पाहायचं आहे त्याच्यासाठी हे सगळं पडद्यावर आहे. अडचण अशी की आठवणी फक्त एका बाजूच्या आहेत. त्या कितीही काटेकोरपणे जुळवल्या तरी शेजारच्या खोलीत कोंडलेल्या माणसाच्या आठवणी त्यातून निघणार नाहीत. संदर्भ गाळला की जागा रिकामी राहत नाही, प्रेक्षक तिथे स्वतःचा संदर्भ भरतो. म्हणून असे चित्रपट पाहिल्यावर कुणाचं मत बदललंय असं क्वचितच दिसतं. प्रत्येकाला आपलंच म्हणणं आणखी ठामपणे पटलेलं असतं.

लढून आलेले प्रेक्षक

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ प्रदर्शित झाल्यावर अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने मोफत दूरध्वनी मदतसेवा सुरू केली, कारण पन्नासहून अधिक वर्षं मनात दाबलेल्या गोष्टी अनेकांच्या वर आल्या. ज्यांनी घरी कधीच काही सांगितलं नव्हतं अशांपैकी काहींनी प्रथमच बोलायला सुरुवात केली. एकाच दृश्याने कुणाची झोप उडाली, तर कुणाला वाटलं की आता तरी घरच्यांना कळेल.

आणि काही माजी सैनिक चुका काढतात. सामान्य प्रेक्षकाला हे क्षुल्लक वाटतं. इराकमधल्या बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकन पथकावरच्या ‘द हर्ट लॉकर’ला मार्च २०१० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाले, दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी कॅथरिन बिगेलो ही पहिली स्त्री ठरली, आणि समीक्षकांनी त्याच्या खरेपणाचं तोंड भरून कौतुक केलं. इराकमध्ये राहिलेल्या बऱ्याच सैनिकांनी मात्र नापसंती दाखवली. कथा २००४ ची आणि अंगावर त्यानंतर आलेले गणवेश. बॉम्ब निकामी करणारा माणूस सोबत्यांना झुगारून एकटाच काय जातो, नियम काय मोडतो! त्यांचा राग कपड्यावर नव्हता. त्या कामात शिस्त म्हणजे शेजारच्या माणसाचा जीव. बेफिकिरीला शौर्य म्हणून दाखवलं, तर आपण जे काम जीव मुठीत धरून, नियम पाळून केलं त्याचीच चुकीची ओळख जगाला होते, ही ती चीड होती.

तरीही त्याच चित्रपटात घरी परतलेला सैनिक दुकानात नाश्त्याच्या खोक्यांच्या लांबलचक फळीसमोर उभा राहतो आणि त्याला एक खोका निवडता येत नाही. तपशील चुकवणारा चित्रपट अनुभव अचूक पकडू शकतो, आणि तपशील अचूक असणारा अनुभवाला मुकू शकतो. त्यामुळे ‘माजी सैनिकांनी पसंतीची मोहोर उमटवली’ अशी जाहिरात दिसली की विचारावं: कशावर? शस्त्रं हाताळण्यावर, की त्या दिवसाच्या अर्थावर?

भयानक दाखवलं की युद्धाचा तिटकारा येतो?

फ्रेंच दिग्दर्शक फ्राँस्वा त्रूफो यांना याबद्दल मोठी शंका होती. युद्धावरचा कुठलाही चित्रपट अखेर युद्धाच्या बाजूनेच झुकतो असं त्यांचं म्हणणं. कारण पडद्यावरची हालचाल, धोका, सोबत्यांची माया हे सगळं आकर्षकच असतं. अमेरिकेच्या मरीन या लष्करी दलातले माजी सैनिक अँथनी स्वॉफर्ड यांनी २००३ च्या आपल्या आठवणींत लिहिलंय की १९९० मध्ये आखाती युद्धासाठी जाण्याआधी त्यांच्या तुकडीने व्हिएतनाम युद्धाचे चित्रपट आणून पाहिले. ते चित्रपट युद्धविरोधी म्हणून गाजलेले. तरुण मरीन मात्र ते पाहून चेकाळत होते. दिग्दर्शकाने ज्या दृश्यात क्रौर्य दाखवलं, त्यात त्यांना आपलं कसब दिसलं.

त्रूफो यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटत नाही, कारण काही चित्रपटांनी खरोखरच लोकांना गप्प केलंय. पण एवढं खरं की केवळ रक्त वाढवल्याने विरोध वाढत नाही. भीषणता ही ताकदीची परीक्षाही बनू शकते: ‘मी डोळे न मिटता पाहिलं.’ तरुण प्रेक्षकांत हे विशेष दिसतं. त्यांना निर्दय म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण पुष्कळदा हसणं किंवा फुशारकी मारणं ही ताण बाहेर टाकण्याची वाट असते.

पाहून झाल्यावर

चित्रपटातलं एखादं दृश्य पुढचे काही दिवस नकळत डोळ्यांसमोर येणं स्वाभाविक आहे. ते इतकं हमखास घडतं की आघाताच्या आठवणींचा अभ्यास करणारे संशोधक निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम त्रासदायक फिल्म दाखवूनच हा प्रकार प्रयोगशाळेत तपासतात. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात अशी फिल्म पाहिल्यावर अर्ध्या तासाने काही जणांना टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मनात ती दृश्यं इतरांपेक्षा कमी वेळा उफाळली. कल्पना अशी की आकार फिरवून बघण्यात मनाची चित्रं जपणारी शक्ती गुंतते, आणि नकोशा दृश्याला पक्कं बसायला तेवढी जागा कमी मिळते.

केवळ करमणुकीसाठी पाहिलेल्या चित्रपटाला वैद्यकीय निकषांत आघात मानत नाहीत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांत हे स्पष्ट लिहिलंय. कामाचा भाग म्हणून अशी दृश्यं पाहावी लागत असतील तरच अपवाद. पण आधी आघात सोसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी पडद्यावरचा आवाज जुन्या जखमेवर पडतो. कुणी युद्धातून, दंगलीतून किंवा बॉम्बहल्ल्यातून वाचलेलं सोबत येणार असेल तर चित्रपटात काय आहे ते आधी सरळ सांगावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. कडेची खुर्ची घ्यावी, म्हणजे उठून जाताना कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ते उठले तर मागे जाऊन लगेच ‘काय झालं?’ विचारू नये. बाहेर जवळ उभं राहिलं तरी पुरतं. आणि झोप उडणं, दचकणं, माणसं टाळणं हे काही आठवडे चालूच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. मूळ आघात वीस वर्षांपूर्वीचा असला तरी उपचारांचा उपयोग होतो.